मिसळणाचा डबा आणि वाइनचा पेला

छोट्या गावांतल्या ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, तिथे सगळ्यांत कमी खपणारी वस्तू बहुधा वाइनच असते. फळ्यांवर व्हिस्की, रम आणि बिअर दाटीवाटीनं उभ्या असतात. वाइनच्या दोन-चार बाटल्या कोपऱ्यात उन्हाची तिरीप अंगावर घेत धूळ खातात. पाटीनं नाव उसनं घेतलं आणि वस्तूला विसरली. म्हणून मेहकर तालुक्यातल्या डोणगावात कुणी ‘वाइन’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्वार्टर येते, द्राक्ष येत नाही.

डोणगाव मेहकर-मालेगाव रस्त्यावरचं गाव. भोवती सोयाबीन, तूर, कपाशी. वाइनची द्राक्षं पिकतात ती तीन-साडेतीनशे किलोमीटरवर, नाशिककडे. पण समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि हे अंतर अर्ध्या दिवसाचं झालं. शिर्डीचं दर्शन घेऊन ‘आलोच आहोत तर’ म्हणत नाशिकची एखादी वायनरी बघून येणं आता अवघड राहिलेलं नाही. बघून आलेल्यांना मग प्रश्न पडतो. तिथला माणूस पेला गरगर फिरवत होता, नाक खुपसत होता, पेरू आणि मिरीचा वास सांगत होता. ते खरं होतं की नाटक? हे शिकता येतं का? आणि शिकायचं म्हणजे प्यावंच लागतं का? या प्रश्नांचा हा आढावा.

शब्दाचा घोळ

आधी वस्तू ओळखू. फळाच्या रसातल्या साखरेवर यीस्ट वाढतं, साखर खातं आणि मद्यार्क व कर्बवायू तयार करतं. एवढ्यावर जे थांबतं ते आंबवलेलं पेय, म्हणजे वाइन. तेच आंबवण भांड्यात तापवून, वाफ थंड करून गोळा केली की ती गाळलेली दारू. व्हिस्की, देशी आणि मोहाची तिन्ही या दुसऱ्या घरातल्या. वाइनमध्ये मद्यार्क साधारण ११ ते १४ टक्के, तर आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के.

पहिल्या घरातली एक बाटली विदर्भातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या फडताळात आहे: द्राक्षासव. मनुका, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं हे औषध. त्यातला मद्यार्क बाहेरून घातलेला नसतो, आंबवताना आपोआप तयार होतो, आणि तसं लेबलवर छापलेलं असतं. आजी दोन चमचे घ्यायची आणि कुणी तिला दारू पिणारी म्हणत नसे. यातून दोन गोष्टी कळतात. द्राक्ष आंबवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षरसाच्या मद्याचा वेगळा उल्लेख आहे. आणि पेय औषध ठरतं की व्यसन, हे पुष्कळसं मापावर अवलंबून असतं.

मापाचा हिशेब इथेच करू, कारण ‘वाइन सौम्य असते’ हे वाक्य फार फसवं आहे. ७५० मिलीच्या, १३ टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे ९७ मिली शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये तो सुमारे ७७ मिली. म्हणजे एका बैठकीत अख्खी बाटली संपवणाऱ्यानं क्वार्टर संपवणाऱ्यापेक्षा जास्त दारू घेतलेली असते. सौम्यपणा पेयात असतो, पिणाऱ्यात असेलच असं नाही.

नाशिकपर्यंतची वाट

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला वाइन म्हणजे गोव्याहून येणारी गोड ‘पोर्ट’ एवढंच ठाऊक होतं. आधुनिक धाटणीचा मोठा प्रयत्न झाला तो १९८०च्या दशकात नारायणगावला. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन शाटो इंडाज उभी केली आणि तिथली फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी गेली. पुढचं वळण नाशिकचं. अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. त्यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००५ मध्ये त्यांनी वायनरीतच चव घेण्याची खोली उघडली आणि नाशिकला द्राक्षांबरोबर पर्यटकही येऊ लागले.

२००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबातल्या भावांनी इटालियन आणि दिल्लीकर भागीदारांसह फ्रातेल्ली सुरू केली आणि सोलापूर जिल्ह्याच्या रखरखीत जमिनीत सांजोव्हेझे ही इटालियन जात रुजवली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण ही यशोगाथा सरळ चढत गेली नाही. धोरणानंतर अनेक शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षं सोडून वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी घसरली, शाटो इंडाजसारखी मोठी कंपनीच कोसळली. माल घ्यायला कुणी नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात फळ म्हणून विकता येत नाही, कारण ते लहान, जाड सालीचं आणि बियांनी भरलेलं असतं. अनेकांनी बागा उपटून टाकल्या. कराराची शेती करताना दुसरा गिऱ्हाईक आहे का हे आधी बघावं, हा धडा सोयाबीन पिकवणाऱ्याच्याही कामाचा आहे.

छाटणीपासून पिंपापर्यंत

वाइन शिकणारा शहरी माणूस पुस्तकात अडतो ती पानं शेतकऱ्याला सोपी जातात. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे थंडी तेवढी नाही. वेल झोपतच नाही. म्हणून तिला कात्रीनं वळण लावावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. फळ पिकतं ते कोरड्या, थंड रात्रींच्या काळात, म्हणून आम्लता टिकते. हेच द्राक्ष मे महिन्यात पिकलं असतं तर नुसतं गोड आणि निर्जीव झालं असतं.

तोडणी कधी करायची हे साखर आणि आम्लता मोजून ठरतं. रसात लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर असेल, तर तिच्यापासून १ टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणून वाइनची द्राक्षं २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत पिकवतात; ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप. रंग सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळपास बिनरंगी निघतो. सालीसकट आंबवलं की लाल वाइन होते, रस आधीच पिळून वेगळा आंबवला की पांढरी. फेसाळ वाइनला बाटलीत किंवा टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात आणि वायू आत कोंडून धरतात. लोणचं मुरणं, इडलीचं पीठ फुगणं आणि ताक आंबट होणं ज्यानं नीट पाहिलं आहे, त्याला यात चमत्कार वाटणार नाही.

जिभेची बाराखडी

आता मुख्य मुद्दा. पेल्यात नाक घालणाऱ्याला पेरू आणि मिरी खरंच सापडतात का?

शास्त्राचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यात आहे. शिराझ जातीच्या वाइनला मिऱ्याचा वास येतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागचा रेणू शोधला, रोटंडोन, आणि काळ्या मिऱ्याचा वासही त्याच रेणूचा निघाला. मस्कत द्राक्षांना फुलांसारखा दरवळ देणारं लिनालूल हेच धण्यांच्या वासातलं प्रमुख द्रव्य. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये लवंग जाणवते, कारण त्या लाकडातून युजेनॉल उतरतं आणि लवंगेचा वास त्याचाच. स्पेनची शेरी आणि फ्रान्समधल्या ज्युरा भागातली पिवळी वाइन यांत मेथीदाण्याची आठवण येते. त्या वाइनमध्ये आणि मेथीत, दोन्हींत सोटोलोन आहे. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमधला हिरवा, तिखटसर वास ढोबळी मिरचीतल्या पायराझिनचा. वर्णन करणारा कवी नसतो. त्याला ओळखीचा रेणू भेटलेला असतो.

वास शिकवण्यासाठी फ्रान्समध्ये ज्यां लनुआर यांनी १९८१ मध्ये ५४ कुप्यांची एक पेटी तयार केली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं चक्र आखलं, म्हणजे ‘छान’ आणि ‘उग्र’ या शब्दांपलीकडे विद्यार्थ्यांनी नेमकं बोलावं. मात्र या याद्यांमध्ये गूझबेरी, ब्लॅककरंट, सीडार असली नावं असतात. आपल्या पोरानं ती घोकून म्हटली तर ती पाठांतराची वाइन. रायआवळा, जांभूळ, कैरी, चिंच, काकवी, लिंबाची साल, भाजलेले जिरे, ओला पेंढा हे शब्द वापरले तर तीच वाइन आपल्या भाषेत बोलू लागते.

चवीच्या बाबतीत तर मराठी माणूस दोन पावलं पुढेच आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या नवख्यांचा ‘कडू’ आणि ‘तुरट’ यांत नेहमी गोंधळ होतो. आपल्याकडे षड्रसांत तुरट वेगळा मोजलेला आहे. जांभूळ खाऊन जीभ आखडली की लहान मूलही ‘तुरट’ म्हणतं. लाल वाइनचा कणा म्हणजे हाच तुरटपणा. साल आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं पडतं. आम्लता ओळखायची खूणही साधी: घोट गेल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का ते बघायचं.

एक वास मात्र आपल्याला चकवतो. पहिल्या पावसानंतर रानातून येणारा मृद्गंध ज्या जिओस्मिनमुळे येतो, ते वाइनमध्ये आलं तर दोष मानतात. ते बहुधा बुरशी लागलेल्या द्राक्षांतून आलेलं असतं. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच बिघडलेलं. शिजलेल्या मुरंब्यासारखा थकलेला वास आला तर बाटली उन्हात भाजलेली. हा शेवटचा दोष आपल्याकडे नेहमीचा. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला १६-१८ अंशांच्या युरोपीय खोलीसाठी होता. मे महिन्यात ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडातल्या खोलीसाठी नव्हे. इथे लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते, पांढरी ८-१० अंशांपर्यंत गार करावी लागते. उन्हाळाभर दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली बाटली चाखून वाइनबद्दल मत बनवणं म्हणजे शिळ्या भाकरीवरून ज्वारीची परीक्षा करणं.

जेवणाबरोबरचा नियमही इथल्या ताटावरून ठरवावा. ठेचा किंवा वऱ्हाडी रस्सा समोर असेल तर जास्त मद्यार्काची तुरट लाल वाइन जाळ वाढवते. किंचित गोड, गार शेनां ब्लां ही पांढरी वाइन निभावून नेते.

ओळख खरी की भास

इथे संशयवाद्यांची बाजू ऐकायला हवी, कारण ती भक्कम आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात बोर्दोतल्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगानं लाल करून दिली. त्यांनी तिला लाल वाइनची विशेषणं लावली. डोळ्यांनी नाकाला फसवलं होतं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी राज्य जत्रेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार सुमारे दहा टक्केच परीक्षक आपल्या गुणांशी सातत्य राखू शकले. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता चाखलं, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत पहिल्या आल्या त्या कॅलिफोर्नियाच्या वाइन. लेबल दिसलं असतं तर निकाल असाच लागला असता का, याची शंका आहे.

माझ्या मते यातून वाइनची विद्या खोटी ठरत नाही. किंमत, नाव आणि शंभरपैकी गुण यांवर आंधळेपणानं विसंबणं खोटं ठरतं. गुण देणं डळमळीत असलं तरी ओळखणं शिकता येतं. बाजार समितीत व्यापारी सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलाव्याचा अंदाज सांगतो. तो कधी चुकतो, म्हणून यंत्र लागतं. पण रोज हजार दाणे फोडल्यानं त्याची जीभ तयार झालेली असते हे कुणी नाकारणार नाही.

कुठे आणि कसं शिकायचं

औपचारिक शिक्षणाची शिडी लंडनहून येते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डब्ल्यूएसईटी या संस्थेचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम मुंबई-पुण्यात करता येतात. तिथे रंग, वास, चव आणि निष्कर्ष अशा ठरावीक क्रमानं नोंद करायला शिकवतात. शिडीच्या टोकाला ‘मास्टर ऑफ वाइन’ हा किताब आहे. त्याच्या परीक्षेत लेखी उत्तरं आणि प्रबंध असतोच, शिवाय ३६ वाइन लेबल न पाहता ओळखायच्या असतात. हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय मुंबईच्या सोनल हॉलंड, वर्ष २०१६. ज्याला चाखण्यापेक्षा बनवण्यात रस आहे त्याच्यासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे वाइन तंत्रज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. द्राक्षाच्या जातींचा अभ्यास तिथूनच जवळ असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात चालतो. वाइन द्राक्षाचीच हवी असंही नाही. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन होते, पुण्यात मधापासून मीड बनतं.

पण यांपैकी काहीही न करता डोणगावात बसून पाया घालता येतो. डोळे मिटून धणे, मेथी, लवंग, मिरे, वेलदोडा, जिरे वासावरून ओळखा. पहिल्या दिवशी अर्धे चुकतात. आठवड्याभरात फरक पडतो. कोरा चहा दोन, पाच आणि दहा मिनिटं मुरवून तीन पेल्यांत ओता. टॅनिन म्हणजे काय ते तिसऱ्या पेल्यात कळेल. लिंबाचं पाणी तीन प्रमाणांत करून आम्लतेच्या पायऱ्या मोजा. दोन प्रकारचे गूळ घ्या, पाण्यात विरघळवून तीन पेले भरा, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते घरच्यांना विचारा. चव परीक्षणाच्या धंद्यात हीच चाचणी वापरतात, तिला त्रिकोण चाचणी म्हणतात. आणि वायनरीत गेलात तर लक्षात ठेवा: व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो. पिकदाणी ही त्याच्या टेबलावरची मानाची वस्तू असते.

विरोधाची बाजू

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचा फायदा हे कारण दिलं गेलं. वाइन म्हणजे दारू नव्हे असंही बोललं गेलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्ष उठला, आणि निर्णय अमलात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंनी वाइनबद्दल फारसं कुणी बोललंच नाही.

विदर्भात हा विरोध पुस्तकी नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ ते २०२१ बंदी होती. दारूबंदीच्या मतदानात ‘आडवी बाटली’ला कौल देऊन दुकान बंद पाडणाऱ्या बायकांनी दारूचा हिशेब पेल्यात केलेला नसतो, नवऱ्याच्या मजुरीत, मुलांच्या वह्यांत केलेला असतो. त्यांच्यासमोर पेरूच्या वासाचं कौतुक सांगताना आवाज खालीच ठेवावा लागतो.

आरोग्याचा दावाही आता टिकत नाही. १९९०च्या दशकात फ्रेंच लोक लाल वाइनमुळे हृदयविकारापासून वाचतात असा समज पसरला. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, की माफक पिणारे बहुधा आधीच सुखवस्तू आणि सुदृढ असतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८८ मध्येच मद्याला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. लाल वाइन औषध म्हणून घेणाऱ्यानं त्याऐवजी मूठभर काळी द्राक्षं बियांसकट चावून खावीत.

निवाडा

दोन्ही बाजू ऐकून माझं मत असं: वाइनचं ज्ञान आणि वाइनचं पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली पहिली सगळ्यांसाठी खुली आहे. वाइन शिकायला लागणारं बहुतेक सामान डोणगावच्या घरात आहे: शेतीची समज, आंबवण्याचा अनुभव, तुरट-कडू वेगळं सांगणारी भाषा आणि वासांनी भरलेला डबा. बाटली सगळ्यांत शेवटी लागते, काहींना कधीच लागत नाही. ज्यांना लागते त्यांनी कायद्यातली २१ वर्षांची अट, परवाना आणि परतीच्या गाडीवर न प्यालेला चालक या तीन गोष्टी आधी जुळवाव्यात. समृद्धीवर गाड्यांचा वेग मोठा आहे.

डबा मात्र आजच उघडावा. धणे आणि मेथी डोळे मिटून ओळखता येत नसतील, तर नाशिकला जाऊन पेला हुंगण्यात अर्थ नाही.